झाकणावर लिहिलेलं जेवण

डॉ. कौसल्या खिल्लारे यांची आणि माझी पहिली ओळख एका लंगोटामुळे झाली. हे वाक्य गौरवग्रंथाच्या संपादकांना खटकणार, याची मला कल्पना आहे. "सुरुवात जरा प्रसन्न असू द्या, डॉक्टर," असं त्यांनी दोनदा फोन करून बजावलं होतं. पण बाईंनी पुढे जन्मभर जे काम केलं त्याची बाराखडी त्या लंगोटात होती, आणि माझ्या हातून जी चूक घडली तिचीही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी तेव्हा बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो आणि बाई आमच्या व्याख्यात्या होत्या. आठ महिन्यांचं एक बाळ जुलाबानं दाखल झालं होतं. मी त्याचा भरलेला लंगोट दोन बोटांच्या चिमटीत धरला, मान दुसरीकडे वळवली आणि बादलीत टाकून दिला. मागून आवाज आला, "बघितलंत?"

"काय, मॅडम?"

"जे टाकलंत ते."

बाईंनी मला तो लंगोट बादलीतून परत काढायला लावला. खिडकीशी नेऊन उजेडात धरायला लावला. रंग कोणता, शेम किती, रक्त आहे का, वास कसला, सगळं वदवून घेतलं. माझा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला असणार. शेवटी त्या म्हणाल्या, "या लेकराला बोलता येत नाही. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं, आणि तुम्ही ते न वाचताच टाकलंत." त्या रागावल्या नव्हत्या, आणि मला तेच जास्त लागलं.

बाई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, कुंभार पिंपळगावच्या. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. बौद्ध वस्तीतल्या त्यांच्या घरात टेबल एकच होतं. ते वडिलांनी मुलीला दिलं आणि स्वतः पत्र्याच्या पेटीवर वह्या तपासल्या, एवढंच बाई आपल्या लहानपणाबद्दल सांगतात. जास्त खोदून विचारलं की विषय बदलतात. पुढे त्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेल्या आणि तिथला लहान मुलांच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाचा विभाग त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळला. निवृत्तीनंतर लोकांना वाटलं, बाई आता शहरातच राहतील. बाई सरळ पिंपळगावला परतल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात येऊन बसू लागल्या. आपल्याकडची थॅलॅसेमियाची, रक्ताच्या इतर आजारांची मुलं प्रत्यारोपणासाठी शहरात जातात आणि बरी होऊन गावी येतात. मग इथं ताप आला तर त्यांना हात लावायला कुणी धजत नाही. त्या मुलांसाठी बाईंची ती रविवारची खुर्ची होती आणि आजही आहे.

बाईंचं संशोधन कशावर, हे सांगताना मोठमोठी माणसं अडखळतात. बाई स्वतः मात्र ते पाच मिनिटांत सांगत. एकदा समोर अंकुश टेलर आणि त्यांची बायको सिंधू बसली होती. पिंपळगावात अंकुशचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांच्या मुक्ताला थॅलॅसेमिया. वय सात. मोठ्या भावाच्या मूळ पेशी तिला जुळल्या होत्या आणि पंधरा-वीस दिवसांत शहरात दाखल व्हायचं होतं. बाई म्हणाल्या, "अंकुशराव, रानात तणनाशक मारलं की सगळं जळतं. बराबर? मग सगळ्यात आधी काय उगवतं?"

"गाजरगवत," अंकुश म्हणाला.

"तसंच पोटाचं. आपल्या आतड्यात बारीक जंतूंचं एक रान असतं. चांगल्या जंतूंचं. प्रत्यारोपणाआधीची जालीम औषधं आणि नंतरची अँटिबायोटिक्स ते रान जाळून टाकतात. मग नको ते जंतू माजतात. भावाच्या पेशी तिच्या हाडात रुजतील, रक्त तयार होईल, पण आजाराशी लढणाऱ्या पेशी शिकून तयार व्हायला वेळ लागतो. ज्या लेकरांच्या पोटातलं रान लवकर भरून येतं, त्यांच्या या पेशी बहुधा लवकर सावरतात, असं आम्हाला दिसतंय. खात्री नाही. पण दिसतंय."

'खात्री नाही' हे बाईंचे दोन आवडते शब्द. आम्हा जिल्ह्याच्या डॉक्टरांना ते उच्चारायची सवयच नसते. पेशंट दारातून आत यायच्या आधी आमची खात्री झालेली असते.

तर औषधं सुरू होण्याआधीची मुलाची शी तीन दिवस वेगवेगळ्या डब्यांत घ्यायची, गोठवून ठेवायची आणि महिन्यातून एकदा खास पेटीतून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची, अशी बाईंची पद्धत होती. गोठवायचं माझ्या दवाखान्यातल्या डीप फ्रीझरमध्ये. तो मी लशींच्या डब्यांतला बर्फ करायला घेतला होता. प्रत्येक डब्याच्या झाकणावर मुलाचा नंबर असे आणि त्याखाली बाईंच्या हातानं त्या मुलानं आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहिलेलं असे. 'भाकरी, वरण, पेरू.' 'खिचडी, बिस्किट दोन.' मी एकदा विचारलं, बाई, नंबर पुरे की. त्या म्हणाल्या, "नंबर प्रयोगशाळेसाठी. जेवण माझ्यासाठी. नंबर वाचून लेकरू डोळ्यांपुढे येत नाही."

सिंधू मुक्ताचे डबे घेऊन आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो; ते घ्यायला बाई रविवार नसतानाही मुद्दाम आल्या होत्या. एस.टी.त कुणाला कळू नये म्हणून तिनं ते पदराखाली दडवून आणले होते आणि दवाखान्यात आल्यावरही पदर सोडत नव्हती. लाजेनं तिची मान वर होत नव्हती. बाई खुर्चीतून उठल्या, तिच्यापुढे गेल्या आणि दोन्ही हातांनी ते डबे घेतले. "मुक्तानं काल काय खाल्लं, सांगा." सिंधू हसली. "ज्वारीची भाकर, पिठलं. अन् जांभाच्या देवळातला प्रसाद खाल्ला थोडा, चालंल ना?" बाईंनी तेही लिहिलं. जांब समर्थचा प्रसाद असा आमच्या फ्रीझरमध्ये नोंदला गेला.

इथपर्यंत जे लिहिलं ते कुठल्याही गौरवलेखात शोभेल. पुढचं लिहायला मी सात वर्षं घेतली आहेत.

मुक्ताचे डबे आले त्याच्या दोनच दिवस आधी त्या महिन्याची पेटी शहराकडे गेली होती. म्हणजे ते पुढच्या खेपेपर्यंत माझ्याकडे राहणार होते. मधे महालक्ष्म्या आल्या. आमचं घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आमच्याकडे महालक्ष्म्यांना शे-दीडशे पान उठतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या आणि त्या वर्षी माझ्या हौसेनं बासुंदी. आदल्या दिवशी दूध आलं आणि भादव्याचं ऊन असं की संध्याकाळपर्यंत ते नासणार. घरातला फ्रीज भरलेला. मला खालचा डीप फ्रीझर आठवला.

दवाखान्यातल्या कडूबाई मावशी पुसायला फडकं घेऊन उभ्या होत्या. मी झाकण उघडलं, कोपऱ्यात तीन डबे दिसले. देवीच्या दुधाशेजारी हे! माझ्या तोंडून निघालं, "ही घाण अजून इथंच?"

कडूबाई म्हणाल्या, "सायेब, बाईंना इचारलं का? त्यांचे हायेत ते."

"बाईंचे सगळे मागच्या आठवड्यात गेले. हे उरलेसुरले असतील."

"मंग झाकण वाचून तरी बघा. म्या अडाणी, मला काय कळतं?"

मी वाचलं नाही. सणाची घाई होती. मावशी हात लावेनात, म्हणून मी हातमोजे घालून ते तीन डबे स्वतःच्या हातानं पिवळ्या पिशवीत टाकले आणि पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली. फ्रीझर दोनदा धुतला, वर गोमूत्र शिंपडलं. एम.डी. झालेला माणूस मी. दुसऱ्या दिवशी बासुंदी फार छान झाली होती, सगळ्यांनी वाखाणली.

त्या 'घाण' शब्दात निव्वळ स्वच्छतेची काळजी नव्हती. आमच्या घरात बाईंच्या चहाचा कप वेगळा होता. आईनं तो कधी वेगळा केला मला ठाऊक नाही, पण तो वेगळा आहे हे मला ठाऊक होतं आणि मी डॉक्टर, शिष्य, घरातला कर्ता माणूस, गप्प बसलो होतो. महालक्ष्म्यांचं आवतन अख्ख्या गल्लीला होतं. अंकुशनं मखराची झालर शिवून दिली म्हणून त्याच्या कुटुंबालाही होतं. बाईंना नव्हतं. ज्यांच्या खुर्चीमुळे माझ्या दवाखान्याला चार जिल्ह्यांत नाव मिळालं, त्यांना वरच्या मजल्यावर मी कधी जेवायला बोलावलंच नाही. हे बाईंना माझ्या आधी कळलेलं असणार.

मुक्ता शहरात दाखल झाली. पेशी रुजल्या, रक्त तयार होऊ लागलं. आम्ही इकडे पेढे खाल्ले. मग तिला जुलाब सुरू झाले, ताप आला, एकामागून एक अँटिबायोटिक्स द्यावी लागली. लढणाऱ्या पेशींचा आकडा वर येईना. दिवाळी गेली तरी येईना. तेव्हा बाईंचा फोन आला; मुक्तासाठी त्या शहरात गेल्या होत्या. मुक्ताच्या आधीच्या शीमधले तिचे स्वतःचे जंतू शुद्ध करून तिलाच परत द्यावेत, यासाठी तिथल्या समितीनं परवानगी दिली होती. बाई म्हणाल्या, "खात्री नाही. धोकाही आहे. पण तिचंच रान तिला परत द्यायचंय. इकडच्या यादीत तिचे डबे दिसत नाहीत. तुमच्याकडेच असतील, आजच पाठवा."

मी खाली जाऊन फ्रीझर उघडला. उघडण्याआधीच मला कळलं होतं, तरी उघडला. मग फोन केला आणि म्हणालो, "बाई, लाईट गेली होती. दोन दिवस. सगळं वितळलं."

जालन्यात यापेक्षा सोपी थाप नाही. इथं लाईटवर कुणीही काहीही ढकलतं आणि समोरचा मान डोलावतो.

 बाई म्हणाल्या, "वितळलेले का होईना, डबे पाठवा. काय उरलंय ते बघू."

"टाकले," मी म्हणालो.

"बघितलंत? टाकण्याआधी?"

मी फोन ठेवला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. समितीला दिलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की नमुने माझ्या देखरेखीत असताना नष्ट झाले, जबाबदारी माझी आहे. 'माझी' म्हणजे त्यांची स्वतःची. त्या पत्रात माझं नाव नव्हतं.

पुढच्या वर्षी, अडुसष्ट-एकोणसत्तराव्या वर्षी, बाईंनी उन्हातान्हात कार्यालयांचे उंबरे झिजवले आणि माझ्या फ्रीझरसाठी बॅटरीची सोय करून घेतली. 'लाईट गेली तरी एकही डबा आता वितळणार नाही,' असं त्यांनी उद्घाटनाला सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि मुक्ता? मुक्ता जगली. पण तिच्या पेशी सावरायला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात ती शाळेत गेली नाही, बाजारात गेली नाही, मावशीच्या लग्नाला गेली नाही. एकदा फुप्फुसात असा संसर्ग झाला की त्यातून ती उठली, पण तिचा दम कायमचा कमी झाला. आज ती चौदा वर्षांची आहे. माझ्या दवाखान्याच्या बारा पायऱ्या चढताना ती सहाव्या पायरीवर थांबते. दर महिन्याला मी खिडकीतून तिचं ते थांबणं बघतो. ते डबे असते तर ती थांबली नसती का? खात्री नाही. बाईंचे हे दोन शब्द माझ्या बाजूनं साक्ष देतात आणि म्हणूनच मला ते सहन होत नाहीत.

गौरवग्रंथाचं पत्र आलं तेव्हा मी पहिला मसुदा लिहिला. त्यात बॅटरीचा प्रसंग रंगवून सांगितला होता, बाईंची जिद्द वगैरे. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. फक्त लाईट कधी गेली होती, ते मला आठवत नाही." मी तो मसुदा फाडला आणि पिंपळगावला गेलो.

बाई अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दूध, मावशी, पिवळी पिशवी, सगळं. बाई शेंगा निवडत राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"वितळलेला डबा नाहीसा होत नाही," बाई म्हणाल्या.

"मग ती बॅटरी? इतके खेटे कशाला घातलेत?"

"लाईट जातेच की आपल्याकडं," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मला सांगून काय उपयोग? डबे माझे नव्हते. ज्यांचे होते त्यांचं दुकान बाजारगल्लीत आहे. उघडं असेल आत्ता."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही चला सोबत."

"नाही," बाई म्हणाल्या. तीस वर्षांत बाईंनी मला कशालाही इतकं सरळ 'नाही' म्हटलं नव्हतं.

अंकुशचं मशीन चालू होतं. सिंधू काजं करत बसली होती. मी सांगायला लागलो तसं मशीन थांबलं.  अंकुश मला एवढंच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही तर समजून राह्यलो होतो, नशिबानं लाईट गेल्ती."

सिंधूनं सुई कापडात खोचून ठेवली. "कोणत्या दिवशी टाकलं म्हन्ले?"

"महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला आल्तो तुमच्याकडं. पाच कुमारिका बसवल्त्या तुम्ही. त्यात आमची मुक्ता होती. तुमच्या मालकीनबाईंनी तिचे पाय धुतले, तुम्ही तांब्यानं पाणी घालून राह्यल्ते. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. पाय आठवत होते, पाणी आठवत होतं, चेहरा आठवत नव्हता. मी तिच्याकडेही न बघताच पाणी घातलं होतं.

"बासुंदी लई आवडल्ती तिला," सिंधू म्हणाली. "दोनदा मागून घेतल्ती."

मी हात जोडले. क्षमा मागितली. ती मिळाली नाही आणि मिळावी असं माझं काही उरलंही नव्हतं. उठताना मी विचारलं, पुढच्या महिन्यापासून मुक्ताच्या तपासणीचं काय, दुसरीकडे सोय करून देऊ का? सिंधूनं सुई पुन्हा हातात घेतली. "बाई त्या खुर्चीत बसून हायेत तोवर येऊ. तुमच्याकरता न्हाई येणार. बिलकुल न्हाई."

ग्रंथात हे छापू का, असंही मी विचारलं. अंकुश म्हणाला, "छापा. बाईंनी कागदावर सोताचं नाव घातलं ना? ते खोडा तेवढं." ते मी इथं खोडत आहे. मुक्ताचे नमुने डॉ. कौसल्या खिल्लारे यांच्या हलगर्जीपणानं नष्ट झाले नाहीत. ते मी टाकले. त्यातल्या शेवटच्या डब्याच्या झाकणावर काय लिहिलं होतं ते मला आता पाठ आहे, कारण बाईंच्या वहीत त्याची नक्कल होती आणि त्यांनी त्या दिवशी मी त्यांच्या अंगणातून निघताना ते पान माझ्यापुढे धरलं: 'ज्वारीची भाकर, पिठलं, जांबचा प्रसाद, थोडा.'

या वर्षी महालक्ष्म्यांना बाईंना आवतन द्यायला मी आणि बायको दोघं गेलो होतो. वेगळा कप आईच्या पश्चातही फळीवर तसाच होता, तो आधी काढला. बाई म्हणाल्या, "बघू, तब्येत कशी राहते." त्या आल्या नाहीत. तब्येतीचं कारण खरं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

पंच्याहत्तरीच्या माणसाला दीर्घायुष्य चिंतायचं असतं. इतर लेखक ते निर्मळ मनानं चिंततील. माझ्या मागण्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. बाईंचे गुडघे शाबूत राहोत, डोळे शाबूत राहोत, पिंपळगावहून येणारी एस.टी. त्यांना वेळेवर मिळो. बाई त्या खुर्चीत असेपर्यंतच एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्या पायऱ्या चढणार आहे, आणि सहाव्या पायरीवर थांबणाऱ्या त्या मुलीकडे मला अजून नीट बघायचं आहे.

येत्या पहिल्या रविवारी मुक्ताची तपासणी आहे. बाई, या.